बसा-वकिलांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे, आणि अंगाने जरा आडमाप आहे हे आधीच सांगून ठेवते. माझ्याभोवती आठ माणसे ऐसपैस बसतात, दाटीवाटीने बसवली तर बारा. दारातून मला सरळ नेता येत नाही, कुशीवर आडवे करावे लागते. माझ्या पाठीवर चहाच्या कपांची वर्तुळे आहेत, एका कोपऱ्यावर कर्कटकाने पाडलेली भोके आहेत, आणि मधोमध शाईचा एक डाग आहे. बघणाऱ्याला मी जुनाट वाटेन. पण ज्या घरात मी राहिले त्या घराने मला इतके हसवले आहे की आजही त्या आठवणींनी माझे सांधे मोकळे होतात.

मला घडवले सुतारआजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते, नुसतेच सुतार होते. त्यांना एकुलती एक मुलगी. तिचे लग्न एका तरुण वकिलाशी ठरले. मुलाने नुकतीच वकिली सुरू केली होती. त्याच्याकडे काळा कोट होता, दोन खोल्यांचे भाड्याचे घर होते आणि बसायला एक मोडकी खुर्ची होती. सुतारांनी लेकीला द्यायला मला करायला घेतले. चांगले मुरलेले सागाचे लाकूड निवडले. एकही खिळा न मारता, लाकडात लाकूड बसवून माझे चारही पाय जोडले. शेवटच्या दिवशी त्यांनी काठोकाठ पाण्याने भरलेला पेला माझ्या पाठीवर ठेवला आणि शेजारी जोरात मूठ आपटली. पाणी थरथरले, पण सांडले नाही.

"हे टेबल जन्मात डुगडुगायचं नाही," ते म्हणाले.

शेजारचा रंगारी बघत उभा होता. "अहो, मुलगी आणि जावई, दोघंच तर राहणार. दोन माणसांना हे एवढं धूड?"

"जावई वकील आहे. माणसं येतील," सुतार म्हणाले, "आणि संसार म्हटला की टेबल भरायला कितीसा वेळ लागतो?"

बाहेरच्या खोलीत मला ठेवले तेव्हा खोलीत माझ्याशिवाय फारसे काही मावेना. गल्लीकडच्या खिडकीपाशी वकीलसाहेबांची खुर्ची, आणि बाकी सगळी मीच. सकाळी माझ्यावर फायली असत. दुपारी कपड्यांच्या घड्या पडत. संध्याकाळी अशील येत. ते गेले की ताटे मांडली जात. त्या घरात एकच कडक नियम होता. जेवताना माझ्यावर कागद नाही. वकीलसाहेब स्वतः उठून फायली खिडकीत रचत आणि फडके घेऊन मला पुसत.

"आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने," स्वयंपाकघरातून आवाज येई. "उलट नको."

"कळलं, न्यायमूर्ती," ते म्हणत आणि पुन्हा ओले फडके घेत.

हा आवाज वहिनींचा. सुतारांच्या लेकीला सगळी गल्ली वहिनी म्हणत असे, म्हणून मीही तेच म्हणते. वहिनी टपाल कचेरीत नोकरीला होत्या आणि भल्या सकाळी कामावर जात.

आणि वकीलसाहेबांना गल्ली काय म्हणत असे, माहीत आहे? बसा-वकील! त्याचे कारण असे. दारात कोणीही आले, रडत आले, ओरडत आले, तरी त्यांचे पहिले वाक्य ठरलेले. "आधी बसा. पाणी प्या. मग सांगा." एकदा एक गृहस्थ दारात उभे राहिले. यांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि अगदी हळुवार आवाजात विचारले, "कोणी त्रास देतंय का?"

"नाही हो, माझं लग्न ठरलंय. आमंत्रण द्यायला आलोय."

"असं होय," वकीलसाहेब म्हणाले. "म्हणजे अजून नाही."

आतून वहिनींचे खाकरणे ऐकू आले. वकीलसाहेबांनी घाईघाईने आमंत्रण घेतले आणि लग्नाचे फायदे सांगायला सुरुवात केली.

मित्रांनो, ते वकील होते खरे, पण माणसांना कोर्टात नेण्यापेक्षा कोर्टापासून लांब ठेवण्यातच त्यांना आनंद वाटे. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," असे ते समोरच्या अशिलालाच सांगत. वहिनी कपाळाला हात लावत. "दुकानदारानेच म्हणायचं, माल घेऊ नका!"

छत्र्या दुरुस्त करणाऱ्या दोन भावांची गोष्ट सांगते. वडिलांच्या मागे दुकानाच्या वाटणीवरून दोघांचे बिनसले. इतके, की एका छपराखाली बसून ते एकमेकांशी अक्षर बोलत नसत. गिऱ्हाइकालाच म्हणत, "तिकडच्या माणसाला सांगा, तार संपली." दोघेही वेगवेगळे वकीलसाहेबांकडे आले. त्यांनी दोघांना एकाच संध्याकाळी बोलावले. धाकटा खिडकीकडे तोंड करून बसला, थोरला भिंतीकडे.

वकीलसाहेबांनी खिडकीकडे पाहिले. मग म्हणाले, "इथे उजेड कमी पडतोय. हे टेबल जरा खिडकीशी घ्यायचंय. हात लावता का दोघं?"

दोघांनी मला दोन टोकांनी उचलले. आता मला उचलणे म्हणजे खेळ नव्हे. दोन पावलांवर धाकट्याचा हात सटकला.

"अरे, थांब!" थोरला ओरडला. "पाय चेपेल तुझा!"

"तूच ओढतोयस! डावीकडे घे."

"तुझं डावं की माझं?"

"दादा, तुझं!"

'दादा' हा शब्द खोलीत पडला आणि दोघेही मला हातात धरून नुसते उभे राहिले. मला खाली ठेवायचे भानही राहिले नाही कोणाला. वकीलसाहेब खिडकीतल्या फायली उगाच चाळत राहिले. त्या संध्याकाळी वाटणी झाली नाही. दुकान एकच राहिले, फक्त मध्ये दोन बाकडी आली. वकीलसाहेबांचा एक दावा बुडाला आणि ते दिवसभर शीळ घालत हिंडले.

पुढे हा उपाय त्यांना फारच आवडला. भांडणाऱ्या जावा, भाडेकरू आणि घरमालक, भागीदार, कोणीही आले की मला खिडकीशी न्यायचे आणि पुन्हा भिंतीशी आणायचे. "फरशीवर ओरखडे बघा किती पडलेत," वहिनी म्हणत. "गल्लीतली भांडणं मिटली, पण माझी फरशी गेली!"

दरम्यान सुतारांचे म्हणणे खरे झाले. टेबल भरले. आधी एक मुलगी झाली, मग मुलगा. मुलीला सगळे ताई म्हणत. मुलगा बोलायला लागला तो थांबलाच नाही, म्हणून त्याचे नाव पडले पोपट.

सकाळी वहिनी कामावर गेलेल्या असत, म्हणून ताईच्या वेण्या घालायचे काम वकीलसाहेबांकडे होते. ताईला माझ्या काठावर बसवायचे, दातात रिबीन धरायची आणि कोर्टातले भाषण पुटपुटत वेणी घालायची.

"बाबा, उजवी वेणी वर गेली आणि डावी खाली आली."

"माझा निकाल झाला. पटत नसेल तर संध्याकाळी आईकडे अपील कर."

ताई तशाच वाकड्या वेण्यांनी शाळेत जाई. मोठी झाल्यावर तिने सांगितले की तिला नीट वेण्या घालता येत होत्या, कधीच्याच. पण सकाळची ती वेळ तिला सोडायची नव्हती.

आता मी त्या वर्षाकडे येते, ज्या वर्षी मी पहिल्यांदा घराबाहेर पडले.

आमच्या गल्लीमागे बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्याच्या आवारातून पलीकडे जायला पायवाट होती. लोक तिला बर्फाची वाट म्हणत. पलीकडे शाळा होती, दवाखाना होता. कारखाना चालू होता तेव्हाही लोक तिथूनच जात आणि बंद पडल्यावरही. मग आवार नव्या मालकांनी विकत घेतले. त्यांनी दोन्ही टोकांना फाटके बसवली आणि कुलपे लावली. आता शाळेत जायचे तर मोठ्या रस्त्याने वळसा. तिथे ट्रकांची रीघ आणि पायी चालणाऱ्याला कडेला बोटभर जागा नाही. पहिल्याच आठवड्यात ताईची मैत्रीण ट्रक चुकवताना गटारात पडली आणि तिचा हात मोडला.

हात गळ्यात बांधलेली ती मुलगी, तिची आई आणि अर्धी गल्ली माझ्याभोवती जमली. त्या दिवशी सगळ्यांना बसायला जागा पुरली नाही.

"आपल्याकडे त्या वाटेचा एक कागद नाही," मुलीची आई म्हणाली. "मग कोर्ट आपलं ऐकेल?"

"वहिवाट म्हणून एक गोष्ट असते," वकीलसाहेब म्हणाले. "लोक वर्षानुवर्षं उघडपणे, कोणाला न विचारता एखादी वाट वापरत आले, तर त्या वाटेवर त्यांचा हक्क तयार होतो. कागद नसला तरी चालेल. पण तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल की आम्ही इथून चालत होतो."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. उभे राहून सांगायचे, तेही कोर्टात, या विचाराने भलेभले हळूच दाराकडे सरकू लागले.

दावा दाखल झाला आणि काही दिवसांनी मालकांचा माणूस घरी आला. गोड बोलणारा, कडक इस्त्रीचा. वकीलसाहेबांनी त्यालाही बसवले, पाणी दिले.

"आमच्या कंपनीला कायमचा सल्लागार हवा आहे," तो म्हणाला. "सोबत राहायला घरही देऊ. चार खोल्यांचं. तुमच्यासारखा हुशार माणूस इथे असा दाटीवाटीत… आणि हा वाटेचा दावा दुसरं कोणीही चालवेल की."

"घरी विचारून सांगतो," वकीलसाहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी ताटे मांडल्यावर ते उभेच राहिले. "आज जेवताना एक कामाची गोष्ट बोलायची परवानगी मिळेल का?"

वहिनींनी मान हलवली. वकीलसाहेबांनी काही न लपवता सगळे सांगितले. मला ताईची काळजी वाटली. स्वतःची खोली सर्वांत जास्त हवी होती ती तिलाच. अशिलांच्या गलबल्यात कानांवर हात ठेवून ती माझ्या कोपऱ्यावर गणिते सोडवत असे. "दार असलेली खोली" हे तिचे स्वप्न होते.

"खोलीला दार असेल?" तिने विचारले.

"असेल."

ती ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी तिथे दार लावून बसेन आणि ती माझी मैत्रीण एका हाताने दप्तर सांभाळत ट्रकांमधून येईल. मला एक गणित सुटायचं नाही, बाबा."

"मला सुटेल," पोपट म्हणाला. "पण मला नकोच ते घर. तिथे इतकी माणसं कुठे येणार? कंटाळा येईल."

वकीलसाहेबांनी वहिनींकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघताय? बहुमत झालं की," वहिनी म्हणाल्या. "भाजी वाढू का अजून?"

वकीलसाहेबांनी ताट पुढे केले. त्यांचा दुसरा हात माझ्या काठावर घट्ट आवळलेला होता, हे फक्त मला कळले.

मग सुरू झाले आमचे घरातले कोर्ट! साक्षीदारांची भीती घालवायची म्हणून रोज संध्याकाळी माझ्याभोवती खोटा खटला चाले. वहिनी न्यायाधीश. पोपट मालकांचा वकील, कारण प्रश्न विचारून माणसाला हैराण करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वडिलांचा कोट त्याच्या घोट्यापर्यंत येई. साक्षीदाराला माझ्या टोकाशी उभे करत. पहिले इस्त्रीवाले काका आले. ते इतके थरथरत होते की माझ्यावरचा पेला वाजू लागला.

"तुम्ही त्या वाटेने जात होता, हे खरं का?" पोपट गरजला.

"हो… म्हणजे नाही… म्हणजे तू म्हणशील तसं, बाळा."

सगळे हसले. वकीलसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मी शिकवलेलं बोलू नका, त्याने दटावलेलं बोलू नका. जे खरं आहे तेवढंच सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. खरं बोलणाऱ्याला काही पाठ करावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी आल्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्सबाई. त्या कशालाच घाबरत नसत.

"तुम्ही वाट वापरायला कारखान्याच्या मालकांची परवानगी घेतली होती का?" पोपटाने विचारले.

"पलीकडे बाळंतीण अडलेली असायची. मी आधी मालकांना शोधू की पळू?"

"हरकत आहे! साक्षीदार मलाच प्रश्न विचारते!"

"हरकत फेटाळली," वहिनी म्हणाल्या. "आणि वकिलांनी नाक पुसावं."

बघायला गल्ली लोटू लागली. खिडकीत, पायरीवर, जिन्यावर माणसे बसत. हसता हसता त्यांची भीती कधी गेली ते त्यांनाही कळले नाही. खऱ्या कोर्टात इस्त्रीवाले काका एकदाही अडखळले नाहीत. घरी येऊन त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितले, "त्या वकिलापेक्षा आपला पोपट जास्त खडूस होता!"

तरीही निकाल लागेना. मालकांचे वकील नामांकित होते, सोनेरी काड्यांचा चष्मा लावणारे. त्यांचे म्हणणे असे की तिथे वाट नव्हतीच. मोकळे आवार होते, कधी कोणी भटकत आले असेल, एवढेच. आणि बोलायला त्यांना जागा होती, कारण फाटके लागल्यापासून आवारात गुडघाभर गवत माजले होते. वाट डोळ्यांना दिसतच नव्हती. शेवटी न्यायाधीशांनी ठरवले की आपण स्वतः जाऊन जागा बघायची.

त्यांना लिहायला टेबल हवे होते. आणि गल्लीत मोठे टेबल एकच!

छत्रीवाल्या दोघा भावांनी मला उचलले. आधी कुशीवर, मग सरळ, आणि मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा उन्हात आले. पुढे मुले, मागे गल्ली, मध्ये मी. एक बाई गॅलरीतून ओरडली, "वकीलसाहेब घर बदलतायत का हो?" पोपट खालून ओरडला, "नाही, टेबल साक्षीला चाललंय!" त्याला वाटले आपण थट्टा करतो आहोत. मलाही तसेच वाटले.

फाटक उघडले. गवतातच एका झाडाच्या सावलीत मला ठेवले. न्यायाधीश खुर्चीवर बसले, त्यांनी पेन माझ्यावर ठेवले, आणि पेन घरंगळत खाली गेले. त्यांनी उचलून पुन्हा ठेवले. पुन्हा घरंगळले. मी एका बाजूला कलले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"टेबल लंगडं दिसतंय," सोनेरी चष्मेवाले वकील म्हणाले. "दुसरं मागवावं, साहेब."

"कोण म्हणतं लंगडं?"

गर्दीतून सुतारआजोबा पुढे आले. त्यांचा आवाज संतापाने चिरकला होता. वकीलसाहेब घाबरून त्यांच्याकडे धावले. "मामा, शांत व्हा, हे कोर्टाचं काम चाललंय…"

"कोर्ट असेल, पण माझ्या टेबलाला लंगडं म्हणायचं नाही!"

न्यायाधीशांनी वर पाहिले. "आपण कोण, आजोबा?"

"ह्याचा बाप," सुतारआजोबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

आवारभर हशा पिकला. न्यायाधीशही हसले. "मग काय करायचं म्हणता?"

"सपाट जागेवर ठेवून बघा. मग बोला."

बाजूला बर्फाच्या लाद्या उतरवायचा सिमेंटचा ओटा होता. भावांनी मला त्यावर ठेवले. सुतारआजोबांनी काठोकाठ भरलेला पेला माझ्यावर ठेवला आणि मूठ आपटली. पाणी थरथरले. एक थेंब सांडला नाही.

वकीलसाहेब पेल्याकडे बघत होते. मग त्यांनी गवताकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"साहेब," ते म्हणाले, "टेबल सरळ आहे. मग कललं काय? जमीन. पण तिथेच का? माझी विनंती आहे, हे टेबल या फाटकापासून त्या फाटकापर्यंत ठिकठिकाणी ठेवून बघावं."

भावांनी मला उचलले आणि सगळे मागून आले. मला ठेवत, उचलत, पुढे नेत. आणि मित्रांनो, प्रत्येक ठिकाणी तेच! माझे दोन पाय एका रांगेत खाली जात आणि दोन वर राहत. न्यायाधीश स्वतः वाकले, त्यांनी हातांनी गवत बाजूला केले. गवताखाली जमीन खोलगट झिजलेली होती, दोन माणसे शेजारी शेजारी चालतील एवढ्या रुंदीची. एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत, अखंड. पावलांनी झिजवलेली. नर्सबाईंच्या, इस्त्रीवाल्या काकांच्या, शाळेत जाणाऱ्या किती मुलांच्या पावलांनी.

"एवढे लोक भटकत आले होते?" न्यायाधीशांनी चष्मेवाल्या वकिलांना विचारले.

वकील चष्मा काढून पुसू लागले. न्यायाधीशांनी माझ्या पाठीवर कागद ठेवला, एका हातात पेन घेतले, दुसऱ्या हाताने मला धरून ठेवले, आणि जे पाहिले ते लिहिले. तेव्हाच शाईची दौत कलंडली. माझ्या मध्यावरचा डाग तो. वहिनींनी तो कधी घासला नाही.

निकाल गल्लीच्या बाजूने लागला. कुलपे निघाली. पहिल्या दिवशी वकीलसाहेब ताईचे दप्तर खांद्याला लावून तिच्याबरोबर त्या वाटेने शाळेपर्यंत गेले आणि तिच्या मैत्रिणीने बऱ्या झालेल्या हाताने त्यांना टाटा केला. सुतारआजोबा मात्र पुढे किती तरी महिने भेटेल त्याला सांगत होते, "कोर्टाने मान्य केलंय, माझं टेबल डुगडुगत नाही!"

त्यानंतर वर्षे भराभर गेली. ताई हाडांची डॉक्टर झाली. पोपट रेडिओवर निवेदक झाला, आता सगळे शहर त्याचे बोलणे ऐकते. सुतारआजोबा गेले. वकीलसाहेबांचे केस पिकले, पण माणसे येत राहिली आणि मी खिडकीशी जात-येत राहिले. घर त्यांनी बदलले नाही. एका दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसले, फडके पिळून वाळत टाकले, आतल्या खोलीत पडायला गेले आणि झोपेतच गेले. भरल्या घरातून, भरल्या पोटाने, कोणाशीही वैर न ठेवता.

मुलांनी त्यांच्या प्रेमापोटी माझ्यावर पांढरीशुभ्र चादर घातली. तिच्यावर मधोमध त्यांचे छायाचित्र ठेवले, शेजारी फुलदाणी. "बाबांचं टेबल आहे, काही ठेवू नका," असे पोपट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. कोणी कप ठेवीना, कोणी कोपर टेकवीना. वहिनी आत मांडीवर ताट घेऊन जेवत. रोज सकाळी धूळ झटकली जाई. मला अडगळीत टाकले असते तर मी समजू शकले असते. पण इतक्या मानाने कोणी एकटे पडते, हे मला ठाऊक नव्हते.

ते गेल्याला वर्ष झाले तेव्हा ताई-पोपटाने आठवणींची संध्याकाळ ठरवली. सगळी गल्ली आली. सोनेरी चष्मेवाले वकीलही काठी टेकत आले. चहा फिरला. पण कप ठेवायचे कुठे? मी मधोमध, आणि माझ्याजवळ यायची कोणाची हिंमत नाही. सगळे गरम कप या हातातून त्या हातात करत अवघडून उभे. बोलणेही तसेच, अवघडलेले. "फार मोठा माणूस होता," एक म्हणे. "फार मोठा," दुसरा म्हणे. शेवटी म्हाताऱ्या नर्सबाईंना चटका सोसवेना. त्यांनी "अगं आई गं!" करत कप माझ्यावर ठेवला. पांढऱ्या चादरीवर चहाचे गोल वर्तुळ उमटले.

नर्सबाईंचा चेहरा पडला.

वहिनी उठल्या. त्यांनी छायाचित्र उचलले आणि पोपटाच्या हातात दिले.

"हे भिंतीवर लाव," त्या म्हणाल्या. "ते असताना मी त्यांना कधी टेबलावर बसू दिलं नाही. आता काय म्हणून बसलेत?"

आधी कोणाला हसावे की नाही ते कळेना. मग ताई हसली. मग छत्रीवाले भाऊ. मग सगळी खोली. वहिनींनी चादरीचे टोक धरले, ती एका झटक्यात ओढली आणि माझ्या पाठीवर तळहात फिरवला. "ठेवा कप. सगळ्यांनी ठेवा."

खण्, खण्, खण्! एकामागून एक कप माझ्यावर आले. खुर्च्या सरकल्या, कोपरे टेकली आणि लोक खरे बोलू लागले. भावांनी सांगितले की मला खिडकीशी नेण्याचा डाव त्यांनी तेव्हाच ओळखला होता, पण थांबावेसे वाटले नाही. चष्मेवाले वकील म्हणाले, "तो दावा मी हरलो. पण खरं सांगू? तेव्हापासून दवाखान्यात जायला मी तीच वाट धरतो. जवळ पडते." त्या संध्याकाळी रडणेही झाले, पण हसण्याच्या आधाराने झाले.

मित्रांनो, म्हणून माझे तुम्हाला एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरी कोणा लाडक्या माणसाची वस्तू असेल तर तिला चादर घालून बसवू नका. तिच्यावर जेवा, लिहा, तिच्याभोवती भांडा आणि समेट करा. काही सांडले तर पुसून टाका. आम्हा वस्तूंना डागांचे दुःख नसते. आम्हाला दुःख होते ते कोणी हात न लावण्याचे. आणि माणसांची आठवण काढायची असेल तर ते मोठे होते असे म्हणून थांबू नका. ते कशाला हसत, कुणासाठी धावत, तेही सांगा.

आता माझ्यावर ताईच्या मुलीचे राज्य आहे. या आठवड्यात तिने काचेच्या बरणीत बेडकाची पिल्ले आणून ठेवली आहेत. ती रोज पाणी बदलते आणि अर्धे माझ्यावर सांडते. वहिनी चष्मा लावून तिच्या शेजारी वाकून बघत बसतात. आज सकाळी दोघी एकदम ओरडल्या, कारण त्यातल्या एकाला मागचे दोन पाय फुटले आहेत. पुढचे दोन फुटले की त्याची आणि माझी बरोबरी होईल. मग तो उडी मारून जाईल, आणि मी आहे तिथेच आनंदाने उभी राहीन, पुढची बरणी येईपर्यंत.